जळणाचे मळे : चांगा मांगाच्या इंजिनापासून गोंदियाच्या चुलीपर्यंत

१.
‘ऊर्जापीक’ हा शब्द अलीकडे वारंवार कानी पडतो. नेपियर गवत, बांबू किंवा सुबाभूळ लावावी, ती जाळावी किंवा तिच्यापासून वायू तयार करावा, आणि कोळशाला व डिझेलला गावातच पर्याय उभा करावा, अशी ही कल्पना. धानाच्या आणि जंगलाच्या गोंदिया जिल्ह्याला ती विशेष मोहक वाटते. आजच्या धाग्यात तिचा इतिहास पाहू. ती दीडशे वर्षांहून जुनी आहे आणि अनेकदा फसलेली आहे. ती का फसली हे कळले तर गोंदियात ती कशी साधेल, हेही कळेल.

२.
माझे मत आधीच सांगतो. जळणाची लागवड गावाच्या हातात, गावाच्या गरजेपुरती आणि धुऱ्याबांधांवर झाली तर ती उपकारक ठरते. तीच लागवड दूरच्या बॉयलरसाठी, सामाईक जमिनीवर आणि वरून ठरवलेल्या उद्दिष्टांनी झाली, तर ती गरिबाचे सरपण हिरावून घेते. हे मत कोणत्या आधारावर बनले, ते आता क्रमाने मांडतो.

३.
आरंभ करू पंजाबपासून. लाहोरच्या नैर्ऋत्येस चांगा मांगा नावाचे अरण्य आहे. दोन दरोडेखोर भावांच्या नावांवरून ते ओळखले जाते. हे अरण्य निसर्गाने दिलेले नाही. १८६६ मध्ये इंग्रजांनी ते लावायला घेतले, तेही रेल्वेच्या इंजिनांना जळाऊ लाकूड मिळावे म्हणून. त्या काळी पंजाबात कोळसा जवळपास नव्हता आणि इंजिने लाकडावर धावत. कालव्याच्या पाण्यावर शिसवाची हजारो एकर लागवड झाली. हिंदुस्थानातील मोठ्या प्रमाणावरील हा पहिल्या काही ‘जळणाच्या मळ्यां’पैकी एक होय.

४.
त्याहूनही आधीची गोष्ट दक्षिणेतली. उटकमंडला साहेबांची वस्ती वाढली, थंडीत शेकोट्या वाढल्या आणि भोवतालची शोलावने झपाट्याने तुटू लागली. तेव्हा ऑस्ट्रेलियातून आणलेली युकॅलिप्टसची आणि अकेशियाची झाडे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे जळणासाठी लावण्यात आली. मराठीत आपण युकॅलिप्टसला ‘निलगिरी’ म्हणतो ते या डोंगरांवरून. परक्या खंडातील झाडाला आपल्या पर्वताचे नाव मिळाले, आणि त्या नावामागे सरपणाची टंचाई आहे, हे आपल्या ध्यानात सहसा येत नाही.

५.
या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. लागवड कोणासाठी करायची, हे लावणाऱ्याने आधीच ठरवले होते : एकीकडे रेल्वेसाठी, दुसरीकडे छावणीसाठी. आसपासच्या खेड्यांतील चुलीचा विचार त्यात नव्हता. १८६४ मध्ये ब्रँडिस यांच्या नेतृत्वाखाली वनखाते स्थापन झाले. १८६५चा आणि त्यानंतर १८७८चा वनकायदा आला. राखीव वनात लाकूड तोडणे हा गुन्हा ठरला. पूर्वी जो हक्क होता, तो आता सरकारी कृपेने मिळणारी सवलत बनला.

६.
आता गोंदियाकडे येऊ. हे नाव ‘गोंद’ म्हणजे डिंक या शब्दावरून पडले, असे सांगितले जाते. जंगलातील डिंक, लाख, मोह आणि तेंदूपत्ता येथून बाहेर जात असे. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. १८८०च्या दशकात नागपूर-छत्तीसगढ रेल्वे या मुलुखातून गेली आणि पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेतली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून सातपुड्यातून जबलपूरकडे अरुंद मापाची गाडी निघाली. एक लहानसे गाव जंक्शन झाले, आणि जंगलातील माल व धान यांची मोठी बाजारपेठ बनले.

७.
या प्रदेशाची जुनी व्यवस्था समजून घेतल्याशिवाय जळणाचा प्रश्न समजत नाही. मध्यप्रांतात १८६०च्या दशकातील जमाबंदीने मालगुजारांना गावाची मालकी दिली. तरीही रयतेचे काही हक्क नोंदले गेले. घरापुरते सरपण, कुंपणाचे काटे, छपराचे गवत, नांगराचे लाकूड, गुरांची चराई, या सर्वांना मिळून ‘निस्तार’ म्हणत. गावाचे रीतिरिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’ या कागदात लिहिलेले असत. सरपण ही विकत घेण्याची वस्तू नसून गावात राहण्याबरोबर येणारा हक्क होता, हे या कागदांवरून स्पष्ट होते.

८.
त्याच मुलुखात कोहळी समाजाने बांधलेले तलाव होते. नवेगावबांध हे त्यांतले सर्वांना ठाऊक असलेले नाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे मालगुजारी तलाव जवळपास सात हजार भरतात. पाणी कोणाच्या बांधीत आधी सोडायचे, पाळीची माती कोणी टाकायची, मासे कोणाचे, गाळ कोणाचा, या सर्वांचे नियम ठरलेले होते. या व्यवस्थेत विषमता होती आणि मालगुजाराची मनमानीही होती. पण तलाव ज्यांच्या उपयोगाचा, त्यांनाच तो राखावा लागे.

९.
३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. जमीनदारी संपवणारा मध्यप्रदेशाचा १९५०चा कायदा न्याय्य होता, त्याविषयी शंका नाही. परंतु तलाव आणि गावची वने सरकारकडे गेली, तेव्हा ती राखण्याची जुनी जबाबदारी कोणाकडेच उरली नाही. १९५६ मध्ये हा भाग मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आणि १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. प्रशासनाची नावे बदलत राहिली. तलावांत मात्र गाळ साचत गेला.

१०.
त्या जुन्या महसुली नोंदींतून आणखी एक वारसा आला : ‘झुडपी जंगल’. झुडपे असलेली, नांगराला अयोग्य, पण चराईला आणि सरपणाला उपयोगी अशी ही जमीन. पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांत ती सुमारे ८६ हजार हेक्टर आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीनच मानावी, असा निर्णय दिला. ‘पडीक जमिनीवर ऊर्जापिके घ्या’ असे जेव्हा कोणी म्हणते, तेव्हा ती पडीक जमीन नेमकी कोणती, हे विचारायला हवे. नकाशावर रिकामी दिसणारी जमीन अनेकदा कोणाची तरी चराई आणि कोणाची तरी सरपणाची मोळी असते.

११.
आता दुसऱ्या महायुद्धाकडे वळू. १९४१च्या सुमारास पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले आणि मोटारगाड्यांच्या पाठीमागे कोळशाच्या शेगड्या बसल्या. लाकडी कोळसा अपुऱ्या हवेत जाळला की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचे ज्वलनशील मिश्रण तयार होते. ते गाळून इंजिनात सोडले की गाडी चालते. जर्मनी आणि स्वीडनमध्ये अशा लक्षावधी गाड्या धावत होत्या. आपल्याकडील बसगाड्याही या वायूवर धावल्या. युद्ध संपले, पेट्रोल परतले आणि हे तंत्र विसरले गेले. तंत्र खोटे नव्हते. स्वस्त तेलापुढे ते टिकले नाही, एवढेच.

१२.
१९७३च्या तेलसंकटाने ते पुन्हा आठवले. स्वीडनने शेतात विलोची दाट लागवड करून तिचे तुकडे जिल्हा-तापकेंद्रांत जाळायला सुरुवात केली. फिलिपिन्सने १९७०च्या दशकाच्या अखेरीस फार मोठा डाव मांडला. ‘इपिल-इपिल’ नावाचे झाड डोंगरांवर लावायचे आणि त्या लाकडावर खेड्यांसाठी विजेची केंद्रे चालवायची. डझनावारी केंद्रे आखली गेली, त्यांतली मोजकीच उभी राहिली. झाडे अपेक्षेइतकी वाढली नाहीत, लाकूड वेळेवर पोचले नाही, आणि ऐंशीचे दशक सरता सरता कार्यक्रम थंडावला.

१३.
इपिल-इपिल म्हणजे आपली सुबाभूळ. महाराष्ट्रात ती घरोघर पोचवण्याचे मोठे श्रेय मणिभाई देसाई यांना आणि त्यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे उभारलेल्या ‘बाएफ’ संस्थेला जाते. गुरांना चारा, चुलीला जळण आणि जमिनीला नत्र, असे तिहेरी वरदान म्हणून ती लावली गेली. मणिभाईंना १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास राज्यात सामाजिक वनीकरणाचे खाते सुरू झाले. पुढे १९८०च्या दशकाच्या अखेरीस सुबाभळीवर रस शोषणारी सिलिड कीड आली आणि एकाच झाडावर भिस्त ठेवण्याची किंमत सर्वांना कळली.

१४.
सामाजिक वनीकरणाचा हेतू गावाला जळण मिळावे हा होता. प्रत्यक्षात बरेचसे लाकूड शहरातील बाजाराकडे आणि कागदगिरण्यांकडे वळले. कर्नाटकात तर सरकार आणि एक धागागिरणी यांनी मिळून कंपनी काढली आणि गावांच्या सामाईक जमिनीवर निलगिरी लावली. १४ नोव्हेंबर १९८७ रोजी तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातील कुसनूर येथे गावकऱ्यांनी ती रोपे उपटली आणि त्या जागी आपल्या उपयोगाची झाडे लावली. त्या सत्याग्रहाचे नाव ‘किट्टिको-हच्चिको’, म्हणजे ‘उपटा आणि लावा’. पुढे काही वर्षांत ती कंपनी गुंडाळावी लागली.

१५.
एकविसाव्या शतकाच्या आरंभी मोगली एरंडाची, म्हणजे जट्रोफाची, लाट आली. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने जैवडिझेलची राष्ट्रीय मोहीम सुचवली. गोंदियाच्या शेजारच्या छत्तीसगढने तर स्वतंत्र प्राधिकरण स्थापून कोट्यवधी रोपे लावली. ‘पाणी नको, खत नको, पडीक जमीन चालेल’ असे सांगितले गेले. पण पाणी आणि खत न मिळालेल्या झाडाने बियाही बेताच्याच दिल्या. कोणतेही झाड फुकट ऊर्जा देत नाही, ही साधी शेतकी जाण त्या आराखड्यांत नव्हती.

१६.
मग सारे प्रयत्न वाया गेले काय? तसे मुळीच नाही. साताऱ्यातील फलटण येथे बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये कृषी संशोधन संस्था स्थापली. तेथे १९८०च्या दशकापासून अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाच्या पाचटावर चालणारी वायुसंयंत्रे, गोड ज्वारीपासून इथेनॉल, आणि त्या इथेनॉलवर चालणारे दिवे व शेगड्या यांवर काम केले. तालुका हे ऊर्जेचे एकक मानावे, असा विचार त्यांनी मांडला. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या पाचटापासून कोळशाच्या कांड्या केल्या आणि २००२ मध्ये त्या कामाला ब्रिटनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला.

१७.
या यशस्वी प्रयोगांत दोन खुणा दिसतात. पहिली, शेतात आधीच असलेल्या काडीकचऱ्याला त्यांनी अग्रक्रम दिला. दुसरी, इंधन जेथे तयार होते तेथून फार दूर ते नेले नाही. गवत-लाकूड हे हलके आणि फुगीर इंधन आहे. एक ट्रक कोळशात जेवढी उष्णता मावते, तेवढी एक ट्रक पेंढ्यात मावत नाही. अंतर वाढले की वाहतुकीचे डिझेलच फायदा खाऊन टाकते. ‘स्थानिक’ हे विशेषण येथे भावनेपोटी आलेले नाही. ते वजनाच्या आणि अंतराच्या गणितातून आले आहे.

१८.
आता गणितच करू. तिरोड्याचे औष्णिक वीज केंद्र ६६० मेगावॅटच्या पाच संचांचे, म्हणजे ३,३०० मेगावॅटचे आहे. ते पूर्ण भाराच्या जवळ चालले तर वर्षाला सव्वा ते दीड कोटी टन कोळसा लागेल, असा ढोबळ अंदाज बांधता येतो. केंद्र सरकारच्या २०२१च्या धोरणाने बहुतेक औष्णिक केंद्रांनी कोळशात ५ टक्के जैवभाराच्या गोळ्या मिसळाव्यात, असे ठरवले. वजनाने पाहिले तर येथे ५ टक्के म्हणजे सहा ते साडेसात लाख टन. कोरडवाहू जमिनीत हेक्टरी दहा टन वाळलेला जैवभार मिळेल, असे उदारपणे मानले तरी ६० ते ७५ हजार हेक्टर जमीन लागेल.

१९.
गोंदिया जिल्ह्यातील खरिपाचे धानक्षेत्र पावणेदोन-दोन लाख हेक्टरांच्या घरात आहे. म्हणजे एका केंद्राच्या वीस भागांपैकी एका भागासाठी जिल्ह्याच्या धानाचा तिसरा हिस्सा सोडावा लागेल, किंवा तेवढीच झुडपी जमीन व्यापावी लागेल. मग केंद्राने जैवभार जाळूच नये काय? जरूर जाळावा, पण तो गिरण्यांचा आणि शेतांचा उरलेला कचरा असावा. त्यासाठी गोंदियात नवे मळे लावणे हे जिल्ह्याच्या आवाक्यातले नाही.

२०.
दुसरे गणित गावाचे. दोनशे घरांचे गाव घ्या. साध्या चुलीवर घरटी दिवसाला सहा किलो सरपण धरले, तर वर्षाला सुमारे ४४० टन होते. सुधारित चूल आणि काही स्वयंपाक गॅसवर असा मेळ घातला, तर ही गरज निम्म्याहून खाली, दोनशे टनांच्या आत येऊ शकते. हेक्टरी आठ टन धरले तर वीस-पंचवीस हेक्टरांत ती भागते. त्यातही बराच वाटा शेतांच्या धुऱ्यांवरील बाभूळ, पळस आणि बांबू यांतून निघू शकतो. पहिले गणित जिल्ह्याला झेपत नाही, दुसरे एका गावाला सहज झेपते. प्रमाण बदलले की त्याच कल्पनेचा अर्थ बदलतो.

२१.
आणि नवे लावण्याआधी जे आहे ते पाहावे. गोंदिया हे भातगिरण्यांचे शहर. शंभर किलो धान भरडले की साधारण वीस किलो तूस निघते. त्याची उष्णता किलोमागे तीन हजार किलोकॅलरींच्या पुढे असते, म्हणजे आपल्याकडील हलक्या कोळशाच्या जवळपास. उसना तांदूळ करणाऱ्या गिरण्यांचे बॉयलर याच तुसावर चालतात. जिल्ह्याचे खरे ऊर्जापीक धान आहे, आणि ते पोटही भरते. उणीव एवढीच की तुसात राख फार, पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत. भट्टी नीट नसेल तर ती राख भोवतालच्या वस्तीवर पडते.

२२.
तणसाबाबत मात्र सावध असावे. तो गुरांचा चारा आहे, काही घरांचे छप्परही आहे. सगळा तणस गोळ्यांच्या कारखान्याला गेला तर उन्हाळ्यात गुरांचे हाल होतील. याउलट तलावांत माजलेली ‘बेशरम’ ही वनस्पती पाहा. ती पाणी अडवते आणि मासळीला मारक ठरते. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढीवर समाजाच्या स्त्रियांनी तलावांत उतरून ती मुळासकट उपटली, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या, आणि मासे व पक्षी परतू लागले. असे उपटलेले झुडूप वाळवून भट्टीत वापरता येईल. ते मुद्दाम लावण्याची वेळ मात्र कोणी आणू नये.

२३.
‘स्वच्छ इंधन’ या शब्दाकडेही इतिहासाच्या नजरेने पाहावे लागते. झाड वाढताना हवेतून जेवढा कार्बन घेते, तेवढाच जळताना परत देते, हे खरे. पण तोडलेल्या जागी पुन्हा झाड वाढले, तरच हा हिशेब जुळतो. शिवाय आकाशातला हिशेब जुळला म्हणून स्वयंपाकघरातला जुळत नाही. कर्क स्मिथ या शास्त्रज्ञाने १९८०च्या दशकाच्या आरंभी गुजरातच्या खेड्यांत चुलीजवळचा धूर मोजला. चुलीपुढे बसणारी स्त्री किती विष श्वासावाटे घेते, हे त्यातून जगापुढे आले. त्याच दशकात सुरू झालेल्या सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमात कोट्यवधी चुली बांधल्या गेल्या. दुरुस्तीअभावी अनेक मोडल्या आणि २००२ मध्ये तो कार्यक्रम बंद झाला.

२४.
म्हणून एक आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. ‘स्थानिक इंधन’ या गोड शब्दाखाली बाईला पुन्हा धुरात बसवायचे असेल, तर ते आपल्याला नको. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये तिची आठ कोटीवी जोडणी महाराष्ट्रातच दिली गेली. सिलिंडर घरात आला ही मोठी गोष्ट आहे. पण तो पुन्हा भरायला पैसे लागतात, आणि देशाच्या गॅसचा निम्म्याहून अधिक भाग आयात होतो. जंगलकाठच्या घरांत सिलिंडरशेजारी चूल अजून पेटते. त्या चुलीचा धूर आणि ते सरपण आणणाऱ्या बाईची पायपीट कमी करणे, हे ऊर्जापिकांचे पहिले काम मानले पाहिजे.

२५.
हे काम कोणी करावे? उत्तर शेजारीच आहे. २००६च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक वनहक्क दिला. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला तो २००९ मध्ये मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी तेथील ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक आले. गोंदियातही देवरी तालुक्यातील ग्रामसभांनी एकत्र येऊन तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः केला आहे. २०१७ मध्ये वनक्षेत्राबाहेरचा बांबू कायद्याने ‘वृक्ष’ उरला नाही, त्यामुळे धुऱ्यावरचा बांबू तोडायला परवाना लागत नाही. कायद्याची वाट बऱ्याच अंशी मोकळी झाली आहे.

२६.
तेव्हा माझा आग्रह चार गोष्टींचा.
एक, गिरण्यांतील तूस आणि तलावांतील बेशरम यांचा आधी पूर्ण उपयोग व्हावा.
दोन, नवी लागवड धुऱ्यांवर, पाळींवर आणि ग्रामसभेने निवडलेल्या जागीच व्हावी. एकच जात लावू नये. सुबाभळीचा धडा विसरू नये.
तीन, झुडपी जंगलाला ‘पडीक’ म्हणून कोणा कंपनीला लागवडीसाठी देऊ नये.
चार, जळणावर पहिला हक्क गावच्या स्वयंपाकाचा आणि आश्रमशाळेच्या भटारखान्याचा, दुसरा गावातील वीटभट्टीचा आणि गिरणीचा. त्यातून उरले तर बाहेर विकावे, आणि भाव ग्रामसभेने ठरवावा.

२७.
२०१८च्या ‘सतत’ योजनेने पाच वर्षांत देशभर पाच हजार जैववायू प्रकल्पांचे उद्दिष्ट ठेवले होते. त्याच्या अगदी थोड्या अंशापर्यंतच मजल गेली. नेपियर, म्हणजे आपले गजराज गवत, त्या स्वप्नांच्या केंद्रस्थानी होते. ते उत्तम वाढते, पण त्यासाठी पाणी लागते. पाणी असलेल्या जमिनीवर गोंदियाचा शेतकरी धान घेतो. गवताचा खरेदीदार वर्षभराने गायब झाला तर त्याला गवत खाता येणार नाही. खरेदीची लेखी हमी आणि तिच्यामागे ठोस रक्कम नसेल, तर शेतकऱ्याने धानाची बांधी मोडू नये, असे मला स्पष्ट वाटते.

२८.
मालगुजारी तलाव शतकानुशतके टिकले, कारण पाणी वापरणारा आणि पाळ राखणारा एकच होता. चांगा मांगाचे लाकूड वापरणारा एक आणि त्या जमिनीवर पूर्वी गुरे चारणारा दुसरा होता. गोंदियातील जळणाचे मळे तलावाच्या रीतीने चालवायचे की चांगा मांगाच्या, हा निर्णय पुढच्या काही वर्षांत होईल. तो मंत्रालयात किंवा कंपनीच्या कचेरीत होण्याआधी ग्रामसभेत व्हावा, एवढ्यासाठी हा धागा लिहिला.

२९.
शेवटी एक विनंती. तुमच्यापैकी जे गोंदिया, भंडारा, चंद्रपूर किंवा गडचिरोलीचे आहेत, त्यांनी आपल्या गावाचे जुने वाजिब-उल-अर्ज आणि निस्तारपत्रक तहसील किंवा भूमी अभिलेख कार्यालयात शोधावे. सरपण, चराई आणि गवत यांविषयी त्यात काय लिहिले आहे, ते वाचावे. मग घरातील आजीला विचारावे की तिच्या लहानपणी कोणते लाकूड चुलीत घालत, कोणते घालत नसत आणि ते कोठून आणत. दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून ग्रामसभेत वाचून दाखवा. ऊर्जापिकांचा प्रस्ताव घेऊन कोणी गावात येईल, तेव्हा ही दोन उत्तरे त्याच्यापुढे ठेवता येतील.